आज निबंध तपासताना

सांगलीतल्या 2019 च्या महापुरावर मुलांना लिहायला सांगितलं होतं. बरेच निबंध चॅटजीपीटीचे. 'निसर्गाचे रौद्र रूप', 'माणुसकीचे दर्शन', सगळीकडे तेच. आधीच्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द ठरवणारं यंत्र, गुळगुळीतच लिहिणार. (गाइडांनीही हेच शिकवलं म्हणा.)

मग एका मुलीचा निबंध हाती आला. पाणी उतरल्यावर तिची आजी थेट हळदीच्या पोत्यांकडं गेली. पोती फुगलेली, भिंत गुडघ्यापर्यंत पिवळी. 'आजी रडली न्हाई, पोतं हुंगून बघितलं.' ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, असूदेत. हे वाक्य तिचंच आहे!

1843 साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत मराठी नाटक उभं केलं, तिथल्या पोरांकडं स्वतःची भाषा नाही, हे मला मान्यच नाही. सोमवारी सगळ्यांनी पुन्हा लिहायचंय, वर्गात बसून, हातानं.