‘पुट ऑफ’ : आधी कर्म बघा

मंगळवार, रात्री

आज वहीत एकच क्रियापद: ‘पुट ऑफ’. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर नाहीतर बंद. या दोघांची बेरीज करायला गेलं की गाडं अडतं. त्यापेक्षा कर्म काय आहे ते बघावं.

कर्म एखादं काम किंवा कार्यक्रम असेल तर सोपं: लांबणीवर टाकणे. टोकियो ऑलिम्पिक 2020चं 2021मध्ये झालं, ते ‘पुट ऑफ’. 2020चं विम्बल्डन झालंच नाही, ते ‘कॉल ऑफ’. म्हणजे एक पुढे ढकललं, दुसरं रद्द. परीक्षेची नोटीस वाचताना यात गल्लत झाली तर अभ्यास सोडून बसायची वेळ.

कर्म माणूस असेल तर कर्ताही तपासावा लागतो, आणि खरी गंमत इथेच आहे. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’: वासानं जेवणावरची वासनाच उडाली. ‘स्टॉप हमिंग, यू आर पुटिंग मी ऑफ’: गुणगुणू नकोस, लक्ष लागत नाहीये. आणि पैसे मागायला आलेल्याला कोणी ‘पुट ऑफ’ केलं, तर त्याला ‘आज या, उद्या या’ करून टोलवलं. तिन्हींत माणूस कशापासून तरी लांब जातो: अन्नापासून, कामापासून, पैशांपासून. ‘ऑफ’ मुकाट्यानं तेवढंच सांगत असतो.

रचनेत दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. सर्वनाम मधेच बसतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ चूक. नाम मात्र मधे किंवा शेवटी, कुठेही: ‘पुट द मीटिंग ऑफ’, ‘पुट ऑफ द मीटिंग’. पण नाम लांबलचक असलं तर शेवटीच, नाहीतर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. दुसरं, पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ हवा: ‘पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’. ‘पुट ऑफ टु गो’ असं इंग्रजीत होत नाही.

‘टिल मंडे’चं भाषांतरही जपून करावं. ‘सोमवारपर्यंत ढकलली’ लिहिलं तर सोमवारी बैठक आहे की नाही, तेच कळत नाही. ‘आता सोमवारी होणार’ असं सरळ लिहावं.

‘पुट ऑफ द लाइट’ आपल्याकडे सर्रास चालतं. परीक्षेच्या पेपरात मात्र ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ लिहिलेलं बरं.