दात मोजायचे नसतात

हसऱ्या माणसाचा चेहरा लाकडात कापायचा असेल, तर दात सुटे दाखवायचे नाहीत. वरच्या दातांची एक अखंड पांढरी पट्टी ठेवायची आणि पुढे सरकायचं. दोन दातांमध्ये केसाएवढी रेघ जरी कापली, तरी गोड हसणारा माणूस एकदम चावायला उठल्यासारखा दिसतो. फोटोत त्या फटी असतातच की! असतात, पण तिथे त्या करड्या असतात, असून नसल्यासारख्या. लाकडात करडं काही नसतं. कापलं तर भोक, म्हणजे काळं; नाही कापलं तर लाकूड, म्हणजे पांढरं, एवढ्या दोनच गोष्टी. या कामातली सगळी गंमत आणि सगळी पंचाईत त्यातूनच निघते.

हे चेहरे कापायची यंत्राची करवत म्हणजे स्क्रोल सॉ, दिसायला शिलाई मशीनच्या भावकीतला. सुईच्या जागी बारीक पातं, जेमतेम ५ इंच लांब, वर-खाली दोन्ही टोकांना आवळून ताणलेलं. मिनिटाला साधारण ४०० ते १८०० वेळा ते खालीवर होतं. पातं जागच्या जागी, फिरवायचं ते लाकूड. १८७०च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या हौशी मंडळींमध्ये पायाने चालवायच्या अशा करवतींचं चांगलंच वेड होतं, पण तेव्हा कापायचे ते वेलबुट्ट्या, घड्याळाच्या चौकटी, भिंतीवरच्या फळ्यांचे नक्षीदार आधार. चेहऱ्यांना बहर आला तो पुष्कळ नंतर, फोटोचं काळं-पांढरं करणं संगणकामुळे सोपं झाल्यावर.

सोपं म्हणजे वरवर सोपं. संगणक फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा देतो: शून्य म्हणजे मिट्ट काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. मध्ये कुठेतरी, समजा १२८वर, सीमा आखायची. त्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. झालं काम! पण एकच सीमा अख्ख्या चेहऱ्याला कधी मानवत नाही. उजेडातली भुवई गायब होते आणि सावलीकडचा गाल कानासकट काळ्यात बुडतो. मग पेन्सिल घेऊन बसावं लागतं. ही सुरकुती ठेवायची, ती सोडून द्यायची, हनुवटीची कड अर्ध्यावरच थांबवायची. यंत्राचा आवाज सुरू व्हायच्या आधीच चेहरा निम्माअधिक ठरून गेलेला असतो. शिकणाऱ्यांना घाई असते ती कापायची. माझ्या मते पहिले काही दिवस यंत्राला हात लावूच देऊ नये, नुसत्या सावल्या काढायला लावाव्यात. अर्थात असं सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

त्यात आणखी एक अट. पांढरं ते लाकूड, काळं ते भोक. म्हणजे प्रत्येक पांढरा भाग कुठल्या ना कुठल्या वाटेने बाहेरच्या चौकटीला जोडलेला हवा, नाहीतर कापून होताच तो खाली पडणार. बुबुळातली चकाकी घ्या. तो पांढरा ठिपका फार तर दोन मिलिमीटरचा, पण तो नसला की जिवंत माणसाचा चेहरा फोटोला हार घालण्याजोगा दिसायला लागतो. आणि चारी बाजूंनी तर काळं बुबुळ. ठिपका अधांतरी राहणार कसा? मग वरच्या पापणीतून एक बारीक मान खाली काढायची आणि तिच्या टोकाला तो ठिपका टांगायचा. ही उघड थाप आहे. कुणाच्याही डोळ्यात वरून अशी पट्टी लोंबत नसते. पण ती पापण्यांच्या केसांच्या ओळीत बेमालूम खपून जाते, आणि चकाकी बघणाऱ्याच्या लेखी चकाकीच राहते. चांगला आराखडा कुठला, हे मी याच जागेवरून ठरवते: जोड द्यावे तर लागलेत, पण शोधायला गेलं तर सापडत नाहीत.

एवढ्या नाजूक मानेसाठी लाकूडही तसंच लागतं. अखंड फळीत लाकडाच्या रेषांना ती मान आडवी पडली, तर कटकन मोडते. म्हणून बहुतेक जण ३ किंवा ६ मिलिमीटरचं, बर्च नावाच्या झाडाच्या लाकडाचं प्लायवूड घेतात. त्याचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे जोड कुठल्याही दिशेने गेला, तरी एखादा थर त्याला धरून ठेवतो.

आता कापायचं. आराखड्याचा कागद फळीवर चिकटवलेला असतो. कडेवरून आत शिरायची सोय नसते. प्रत्येक काळ्या तुकड्यात ड्रिलने बारीक भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, ताण द्यायचा. एका डोळ्यासाठीच हे सगळं तीनचारदा. पातं नीट ताणलेलं असलं की बोटाने छेडल्यावर स्वच्छ, उंच आवाज येतो. बद्द वाजलं तर अजून आवळा. आधी मधले बारीक तुकडे, मग मोठे, केसांचा आणि कोटाचा काळा भाग सगळ्यात शेवटी, कारण मोठं भोक पडलं की अख्खी फळी लेचीपेची होते आणि पात्याबरोबर थडथडायला लागते.

पात्यांवरून या मंडळींत कायमचे दोन तट आहेत. सपाट पात्याने टोकदार कोपरे सुरेख निघतात. पण पत्र्यातून दाबून काढलेल्या पात्याच्या एका कडेला बारीक धस राहते, ती बाजू जास्त कापते, आणि रेघ हळूहळू तिकडे ओढली जाते. सरळ कापायचं तर लाकूड किंचित तिरकं सारायचं, हे हाताला काही दिवसांनी आपोआप कळतं. दुसरं पातं पीळ दिलेलं, सगळ्या अंगांनी दात असलेलं. त्याला लाकूड फिरवावंच लागत नाही. पुढे, मागे, आडवं, कसंही न्या. मोठ्या चेहऱ्यांना ते वरदान, पण त्याची चीर रुंद होते आणि खालच्या बाजूला कुसळांची दाढी उगवते, ती पॉलिश पेपरने घासत बसा. केसांच्या बटांना पिळाचं आणि डोळ्यांना सपाट, असं माझं मत आहे. दोन्ही तटांना ते पटत नाही.

सपाट पात्याचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. त्यात लाकूड सतत फिरत राहतं, त्यामुळे बराच वेळ चेहरा आडवा किंवा पार उलटा असतो. उलटा चेहरा आपल्याला सहजी ओळखू येत नाही. उलटं घर, उलटं विमान ओळखणंही थोडं जड जातं, पण चेहरा फारच, हे रॉबर्ट यिन या संशोधकाने १९६९ साली प्रयोगातून दाखवलं. पुढे १९८०मध्ये पीटर थॉम्प्सन या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले डोळे आणि तोंड तेवढं उलटं करून चिकटवलं. तो अख्खा फोटो उलटा धरला तर फारसं काही खटकत नाही. सरळ केला की अंगावर काटा येतो. कापणाऱ्याच्या हे पथ्यावर पडतं. चेहरा ओळखू आला की हात शहाणपणा करायला लागतो. कागदावरच्या रेघेला डोळ्याच्या कडेशी अणकुचीदार वळण असतं, पण डोळा कसा गोल असतो हे मनाला ठाऊक असल्यामुळे हात ते वळण गोलसर करून टाकतो. बघता बघता अख्खी नजर बदलते. उलट्या फळीवर डोळाही नसतो आणि आजोबाही नसतात, असते ती फक्त रेघ. जी आखली आहे ती कापायची.

सगळं कापून झालं, वरचा कागद सोलून काढला, की हाती येते ती भोकाभोकांची चाळण. तिच्याकडे बघून घरातली माणसं नेहमी ‘छान’ म्हणतात, ते कष्टांना उद्देशून. मग मागे काळं कापड किंवा काळी रंगवलेली फळी लावायची. तपकिरी नको, ती लाकडाच्या रंगाला जवळ पडते आणि डोळे मरतात. काळं लागलं की तीच माणसं बोटाने दाखवून सांगतात, नाक अगदी हुबेहूब आलंय हं. नाक बहुतेक वेळा कापलेलंच नसतं. दोन नाकपुड्यांचे ठिपके आणि एका बाजूला सावलीची अर्धवट कोर. बाकीचं नाक म्हणजे कोरं प्लायवूड. ते बघणारा स्वतःच काढतो. क्रेग मूनी नावाच्या संशोधकाने १९५७मध्ये असेच नुसते काळे-पांढरे डाग उरलेले चेहरे मुलांना दाखवले होते, तुटक डागांतून अख्खा चेहरा जुळवण्याची क्षमता वयानुसार कशी येते ते तपासायला. लहान मुलांना ते तितकंसं जमत नव्हतं, मोठ्या मुलांना जास्त जमत होतं.

म्हणून फोटो निवडतानाही बघणाऱ्याला काम उरेल असा घ्यावा. बाजूने उजेड असलेला, समोरून फ्लॅश न मारलेला. फ्लॅश सावल्या धुऊन टाकतो, मग कापायला उरतात भुवया आणि केस. म्हातारे चेहरे सगळ्यात सोपे. सुरकुत्या, मिशा, चष्मा, सगळं मदतीला येतं. तान्ह्या बाळांचे सगळ्यात अवघड, आणि मागणी नेमकी त्यांचीच. गुबगुबीत गालांवर सावली म्हणून धरत नाही, आणि एक रेघ जास्त कापली की बाळ चाळिशीचं दिसतं. शिवाय ते बाळ जरा मोठं होऊन आपलंच चित्र बघायला येतं तेव्हा त्याला त्यात चेहराबिहरा काही दिसत नाही. त्याला भोकं दिसतात. ते सरळ डोळ्यात बोट घालतं, आणि चकाकीची मान किती बारीक ठेवायला नको होती, ते तेव्हा कळतं.