साइतामाला जपानचा सामना बघायला जाताना

तोक्योत राहून जपानच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा सामना बघायचा म्हटलं, की गाठ अनेकदा साइतामा स्टेडियम २००२ शी पडते. जवळपास ६३,७०० आसनं, आणि धावपट्टी नसल्यामुळे खेळाडू अगदी समोर. २००२ च्या विश्वचषकातली ब्राझील-तुर्कस्तान उपांत्य लढत इथलीच. जून २००४ मध्ये भारताने ७-० असा सपाटून मार खाल्ला, तोही इथेच. २० मार्च २०२५ ला बहारीनला २-० हरवून जपानने २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट काढलं तेही या मैदानावर. फक्त मैदान गावाबाहेर आहे आणि चालत जाण्याजोगं स्टेशन एकच. त्यामुळे आखणी परतीच्या गाडीपासून सुरू करायची.

तिकिटं जपान फुटबॉल संघटनेच्या साइटवर मिळतात. आधी सोडत, मग उरलेल्यांची खुली विक्री. खातं सोडतीच्या दिवशी काढायला बसू नका. नाव काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत मागतात आणि तेही पूर्ण रुंदीच्या (जपानी टायपिंगमधल्या रुंद) अक्षरांत. अर्ध्या रुंदीची एक मोकळी जागा मध्ये राहिली तरी फॉर्म पुढे सरकत नाही. कुलकर्णींचं ‘कुरुकारुनी’ होतं. झालं तर झालं, पण पुढे सगळीकडे तेच ठेवा. कॉन्बिनीत (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात) रोख भरणार असाल तर मुदत बघा. ती चुकली की आरक्षण गेलं, कुणी फोन करून विचारत नाही. जास्त भावाने तिकीट विकण्याचा धंदा २०१९ पासून कायद्याने बंद आहे, तेव्हा परत विकायचं किंवा घ्यायचं तर अधिकृत पुनर्विक्रीतूनच.

जागा निवडताना छताचा विचार आधी करा. छत फक्त मुख्य आणि समोरच्या स्टँडवर आहे, दोन्ही गोलांमागचे स्टँड उघडे. स्वस्त जागा तिथेच असतात. घरचे पाठीराखे तिथे ढोल वाजवत पूर्ण नव्वद मिनिटं उभे असतात, म्हणजे तुम्हीही उभेच. लहान मूल बरोबर असेल तर थोडे जास्त येन मोजून समोरचा स्टँड घ्यावा. पावसात छत्री उघडता येत नाही, रेनकोटच लागतो, आणि वारा सुटला की छताखालच्या पुढच्या रांगाही भिजतात. मार्चच्या रात्री थंड खुर्चीवर दोन तास बसायचं, म्हणून बुडाखाली काहीतरी जाड न्या.

निशी-कासाईहून, जिथे आपली बरीच मंडळी आहेत, तोझाई लाइनने इइदाबाशी आणि तिथून नाम्बोकु लाइनने थेट उरावा-मिसोनो, म्हणजे स्टेडियमचं स्टेशन. गाडीवरची पाटी वाचूनच चढा, काही गाड्या आकाबाने-इवाबुची किंवा हातोगायालाच संपतात. आकाबाने-इवाबुचीच्या पुढे कंपनी बदलते आणि भाडं वेगळं लागतं, म्हणून मेट्रोचा २४ तासांचा पास तिथपर्यंतच चालतो. शेवटच्या स्टेशनवर उतरलं की वीसेक मिनिटं चालायचं. जाताना सुइका किंवा पास्मो या प्रवासाच्या कार्डात परतीचे पैसेही भरून ठेवा. सामना सुटल्यावर यंत्रापुढची रांग बघून रडू येतं.

दारात बॅग तपासतात. पेयाचा कॅन आणि काचेची बाटली आत जात नाही, पेय तिथेच कागदी पेल्यात ओतून देतात. खायचं मात्र नेता येतं. शाकाहारी असाल तर न्याच. याकिसोबात (परतलेल्या नूडल्समध्ये) डुकराचं मांस असतं, साध्या दिसणाऱ्या करी राइसच्या रश्श्यातही मांसाचा अर्क निघतो. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं यापुढे स्टेडियममधलं काहीही फिकं. कचऱ्यासाठी एक पिशवी ठेवा. शेजारचे लोक आपापला कचरा गोळा करत असतात, तेव्हा आपल्या खुर्चीखाली कागद राहिला तर लगेच डोळ्यावर येतो.

प्रतिस्पर्ध्याची जर्सी घालून घरच्या पाठीराख्यांच्या भागात बसू देत नाहीत. त्यासाठी पाहुण्यांचा वेगळा विभाग असतो, तिकीटच तिथलं काढा.

आता परतीचं. स्टेडियम भरलेलं, आणि गाड्या ६ किंवा ८ डब्यांच्या. १२ डब्यांच्या विरार लोकलची सवय असलेल्यालाही तो हिशेब जमत नाही. स्टेशनबाहेरच गर्दी अडवून टप्प्याटप्प्याने आत सोडतात. शिट्टी वाजताच पळणारे त्या गर्दीत उभे राहतात. अर्धा तास खुर्चीवर बसून उरलेल्या पुऱ्या संपवलेल्या बऱ्या. शेवटची तोझाई गाठायची घाई असेल तर ८५ व्या मिनिटाला उठा, मात्र मग भरपाई वेळेतला गोल चुकला तर बोंब मारू नका. दिवसाच्या सामन्याला उरावा या दुसऱ्या स्टेशनकडे जाणाऱ्या बसचा पर्याय बरा पडतो. रात्री आधी तिची रांग बघा, मगच ठरवा.