अभिनय येत नाही? मग तुम्हीच हवे आहात

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रयोग संपल्यावर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुणी ना कुणी हे विचारतंच: "तुम्ही वस्तीतल्या मुलांबरोबर नाटक करता. आम्हालाही काहीतरी करावंसं वाटतं, पण आम्हाला ना अभिनय येत, ना गाणं. आमचा काय उपयोग?"

अभिनय मलाही येत नाही. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात सगळं कॉलेज "अरे आव्वाज कुणाचा" म्हणून छत डोक्यावर घ्यायचं, तेव्हा मी विंगेत दिव्यांच्या वायरी सांभाळत असायचे. १९६३पासूनच्या या स्पर्धेनं कोणकोणते नट दिले हे पुण्यात कुणीही सांगेल. तिथे सेट ठोकायला आणि लाइट्स करायला शिकलेल्यांची नावं मात्र कुणाला आठवत नाहीत. मी त्यातलीच. दिवसा बँकेत असते आणि रविवारी पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीतल्या मुलांबरोबर तालमीला.

शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी तीच चार मुलं पुढे असतात. बाकीची मॉबमध्ये, नाहीतर खुर्च्या मांडायला. अशा मुलांना स्टेजवर ढकललं की त्यांचा धीर वाढतो, असं बरेच जण सांगतात. काहींचा वाढतो, हे खरं. पण काही पोरं त्या दिवसानंतर परत फिरकत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्याकडे एक मुलगा यायचा, बोलताना अडखळणारा. हॉलच्या दाराशीच उभा राहायचा. त्याला आत ये, खेळ खेळू, असं काही मी म्हटलं नाही. केबल गुंडाळून दे म्हटलं. केबल हातावर कशीही गुंडाळली की आत पीळ पडतो आणि पुढच्या वेळी नेमकी ऐन वक्ताला दगा देते. म्हणून एक वेटोळं सुलट, दुसरं उलट टाकायचं. हे त्याला दोनदा दाखवावं लागलं नाही. मग जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत कागद, कापणं आलं, मग प्रकाश कमी-जास्त करायचा डिमर. एका प्रसंगात मुलीचं कॉलेज बंद करायचं ठरतं आणि संध्याकाळी ती एकटी खोलीत बसलेली असते. मी आपला नेहमीचा निळा लावला होता. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे संध्याकाळी निळं नसतं. गल्लीतल्या खांबावरचा पिवळा दिवा दारातून आत येतो." एका बाजूनं, खालच्या कोनातून तसा पिवळा टाकून पाहिला आणि निळा कायमचा गेला. इतकी वर्षं लाइट्स करून मला ते सुचलं नव्हतं, कारण त्या खोलीत मी कधी संध्याकाळ काढलेली नाही.

पुढची गंमत वेगळीच. दिवे सांभाळायचे तर नटांशी बोलावं लागतं. नायिका रोज स्पॉटच्या बाहेर उभी राहायची आणि तोंड अंधारात जायचं. तिला ते सांगणार कोण? यालाच सांगावं लागलं. अजूनही तो अडखळतो, पण मार्क, म्हणजे उभं राहायची ठरलेली जागा, चुकवला की कुणालाही झापतो आणि सगळे मुकाट्यानं सरकून उभे राहतात.

१९८६मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनचं ग्रिप्स, म्हणजे मुलांसाठीचं एक वेगळं थिएटर, पुण्यात आणलं, थिएटर अकॅडमीच्या माध्यमातून. त्यात मोठे नट लहान मुलांच्या भूमिका करतात आणि नाटक परीराणीचं नसून मुलांच्या रोजच्या अडचणींचं असतं. त्यातली विषयांची दिशा आम्ही उचलली. भूमिकांचं मात्र उलट झालंय: मोठ्यांच्या भूमिका मुलंच करतात. बापाचं काम करणाऱ्या पोरानं घरात शिरताना चप्पल अशी काही भिरकावली, की समोर बसलेल्या आया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कुणाचा बाप तो, हे सगळ्यांना कळलं होतं. असं काही शिकवता येत नाही. म्हणून "व्यसनमुक्तीवर छानसं नाटक बसवा" असा विषय घेऊन कुणी आलं की मी चहा पाजते आणि विषय बदलते.

तर, तुमचा उपयोग. आमच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक काकू येतात. नाटक बघायची त्यांना फारशी हौस नाही. जुन्या साड्यांतून कपडे बेततात आणि हुकांऐवजी टिचबटणं लावतात, कारण अंधारात अर्ध्या मिनिटात कपडे बदलायचे असतात. सोबत दोन मुली बसतात. तालमीत तोंड न उघडणाऱ्या त्या मुली काकूंशी टाके घालता घालता घरचं सगळं बोलतात. हिशेब ठेवणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. वडापावची आणि टेम्पोची बिलं ते मुलांकडूनच लिहून घेतात. तिकीट लावून प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. तिथले अर्ज न कंटाळता भरणारा माणूस मला चांगल्या नटापेक्षा मोलाचा वाटतो.

एका दिवसाचं शिबिर घेऊन फोटो काढायचे असतील तर मात्र येऊ नका. मुलांना येणारी-जाणारी माणसं चांगली ओळखू येतात. महिन्यातून दोनच रविवार जमत असतील तर दोन या, पण ते चुकवू नका. मुलामुलींबरोबर कुणीही एकटं थांबायचं नाही, तालमीला कायम दोन मोठी माणसं हवीत, आणि आईवडिलांना विचारल्याशिवाय एकही फोटो कुठे टाकायचा नाही. यावर वाद घालणाऱ्यांशी आमचं जमलेलं नाही.

आणि हो, तुमच्यापैकी कुणाला टेम्पो चालवता येत असेल, तर आधी मला फोन करा. सेटचे लेव्हल्स (लाकडी चौथरे) आणि फ्लॅट्स (भिंतींसारख्या चौकटी) न्यायचे आहेत, आणि आमचा नेहमीचा ड्रायव्हर पुढच्या रविवारी स्वतःच्या लग्नात आहे.