बिनचिपची चावी

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून पुण्याकडे परतताना मी स्वतःच्याच गाडीबाहेर अडीच तास उभा होतो. धबधब्यापाशी उतरल्यावर दारे रिमोटने बंद केली होती. निघण्याच्या वेळी ओले बूट आत ठेवावेत म्हणून मी चावी लावून डिकी उघडली, हात मोकळे हवेत म्हणून चावी पिशवीवर ठेवली, बूट आत सारले आणि सवयीने डिकी दाणकन आपटली. मागच्या काचेला नाक लावले की चावी दिसत होती. फोन खिशात होता, पण त्याला रेंज नव्हती. भजीच्या टपरीवरच्या मावशींनी एका टेम्पोचालकाबरोबर पौडच्या बाजूला निरोप धाडला, तेव्हा कुठे एक गॅरेजवाला मोटारसायकलवरून आला. त्याने काच आणि रबर यांच्या फटीत लाकडी पाचर ठोकली, पोलादी पट्टी आत सोडली आणि दहा मिनिटांत दार उघडून दिले. त्याने घेतलेले 1,200 रुपये मला जड वाटले नाहीत. जड गेले ते फाटलेले रबर, कारण उरलेला सगळा पावसाळा त्या दारातून पाणी झिरपत राहिले.

घरी आल्यावर पत्नीने सरळ विचारले, "दुसरी चावी कपाटात ठेवून तिचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. ती चावी गाडीलाच कुठेतरी लपवावी, असे मी ठरवले आणि त्याच उत्साहात पहिली चूक करणार होतो. विमा नूतनीकरणासाठी आलेल्या एजंटांशी सहज बोलताना हा बेत निघाला, तेव्हा ते दचकलेच. गाडी चोरीला गेली आणि दावा करायची वेळ आली, तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यातली एक गाडीबरोबरच गेली असे सांगावे लागले, तर हलगर्जीपणाचा मुद्दा निघणारच. तेव्हा मूळ चावी कपाटातच राहिली पाहिजे, हे पक्के झाले.

मग लपवायचे काय, याचे उत्तर गाडीच्या कुलपाच्या रचनेतच होते. माझी गाडी 2013 सालची आहे. तिच्या चावीच्या काळ्या प्लास्टिकमध्ये बॅटरी नसलेली एक बारीक चिप आहे. चावी फिरवली की इग्निशनभोवतीचे तारेचे वेटोळे त्या चिपला ऊर्जा पुरवते, चिप आपला सांकेतिक क्रमांक कळवते आणि तो जुळला तरच इंजिन चालू राहते. दाराच्या कुलपाला मात्र या चिपशी काही देणेघेणे नसते. त्याला फक्त दाते जुळलेले हवेत. म्हणजे नुसत्या धातूची, बिनचिपची चावी कापून घेतली तर ती दार उघडेल, पण गाडी पळवू देणार नाही. मला तरी आणखी काय हवे होते? दार उघडले की खरी चावी आतच सापडणार होती.

मंडईच्या बाजूला छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याने गाडीची आरसी आणि माझे ओळखपत्र पाहून अशी चावी 150 रुपयांत करून दिली. ती इग्निशनमध्ये फिरली, पण दाराच्या कुलपात अडकली. माझी रोजची चावी बारा वर्षांत झिजली होती आणि नकलेत ती झीज जशीच्या तशी उतरली होती. दुसऱ्या दिवशी कपाटातली जवळजवळ न वापरलेली चावी नमुना म्हणून नेली आणि नवी चावी कापून घेतली. तरीही दार उघडेना! दोष आता कुलपाचा होता. रिमोटची सवय लागल्यापासून त्या भोकात कोणी चावी घातलीच नव्हती आणि आत धूळ बसून कुलूप आखडले होते. ग्रॅफाइटची भुकटी फुंकून पंधरा-वीस वेळा चावी आतबाहेर केल्यावर ते सुटले. जोडचावी करून घेणाऱ्या प्रत्येकाने ती दारात लावून पाहावी, असा माझा आग्रह त्या दिवसापासून आहे. मग इंजिनही तपासले: स्टार्टर फिरला, डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकला, इंजिन काही सुरू झाले नाही. स्टीअरिंगचे कुलूप मात्र या चावीने सुटते, त्यामुळे कोणी गाडी ओढून नेण्याच्याच तयारीने आला तर त्याला ती मदतच करील. एवढी जोखीम मी पत्करली.

जागा शोधण्यात दोन रविवार गेले. सुचणाऱ्या पहिल्या तीन जागा तर हास्यास्पद ठरल्या. बॉनेट आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण, दोन्हींचे खटके माझ्या गाडीत आतल्या बाजूला आहेत, आणि स्टेपनी डिकीत असते. वडील त्यांच्या फियाटची चावी नंबरप्लेटच्या मागे स्क्रूखाली दाबून ठेवत, ते आठवले. पण आताची उच्च सुरक्षा नंबरप्लेट एकदा बसली की तिचे कुलूप तोडल्याशिवाय निघत नाही, आणि ते तोडले की प्लेट पुन्हा बसत नाही. ऑनलाइन मागवलेली चुंबकाची डबी बंपरला लावायला गेलो, तर बंपर प्लास्टिकचा. चाकाच्या वरचे अस्तरही प्लास्टिकचेच. शेवटी गाडीच्या तळाला जिथे पत्रा सापडला, तिथे गंजरोधक लेपाचा इतका जाड थर होता की चुंबकाची पकड अर्धी झाली. तरीही मी डबी लावली. सतराव्या दिवशी पाहिले तर ती नव्हती. पुण्यातल्या गतिरोधकांसमोर तिचा टिकाव लागेल असे मला का वाटले, कोण जाणे. रस्त्यात पडलेली चावी कोणाला सापडली तरी ती कोणत्या गाडीची हे कळणार नव्हते, एवढेच समाधान.

दुसऱ्या प्रयत्नात चुंबक बाद केले. चावी निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेची असल्याने ती गंजण्याची भीती नव्हती. भीती होती खडखडण्याची आणि चिखलाची. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणला, चावीला ग्रीस फासून ती त्यात गुंडाळली आणि तपकीर गल्लीतून आणलेल्या, प्लास्टिकचे आवरण असलेल्या जाड तांब्याच्या तारेने ती मागच्या टोइंग हुकाच्या आतल्या अंगाला पिळून बांधली. केबल टाय वापरला असता तर तो कापायला कात्री लागली असती आणि ती कात्री गाडीतच राहिली असती. तारेचा पीळ बोटांनी सुटतो. सायलेन्सर माझ्या गाडीत उजवीकडून जातो आणि हुक डावीकडे आहे, त्यामुळे उष्णतेचा त्रास नाही. डावी बाजू फुटपाथकडची असल्याने वाकलेल्या माणसाच्या पाठीमागून वाहने जात नाहीत, हा फायदा मला नंतर कळला.

रंगीत तालीम मी रात्री, विजेरी न घेता केली. माझा हात पोहोचला. पत्नीचा पोहोचला. मग तिने विचारले, "आणि आई एकट्या असल्या तर?" माझी आई गाडी चालवत नाही, पण प्रश्नाचा रोख मला समजला: ज्याला गुडघे टेकता येत नाहीत, त्याच्यासाठी ही सोय नाही. याच ओघात आमचे आणखी एक ठरले. मूल किंवा म्हातारे माणूस आत अडकले असेल, तर चावी शोधत बसायचे नाही. त्या व्यक्तीपासून सर्वांत दूर असलेल्या बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टणक, टोकदार वस्तूने घाव घालायचा आणि 112 ला फोन करायचा. समोरची काच थरांची असते, ती सहजासहजी फुटून मोकळी होत नाही.

पुतण्याकडे बटण दाबून सुरू होणारी गाडी आहे. त्याने माझे पाहून त्याची जादा चावी गाडीखाली बांधायचा घाट घातला, तो मी थांबवला. त्या चावीचा संकेत गाडीला सतत मिळत राहिला तर दार कोणालाही उघडता येईल आणि बटण दाबले की इंजिनही सुरू होईल. त्याच्या चावीच्या पोटात धातूचे एक सुटे पाते असते आणि दाराच्या मुठीवरच्या टोपणाखाली त्याचे भोक असते. त्या पात्याची नक्कल कापून घे, असे मी सुचवले.

दिवाळीनंतर पत्नी नाशिकला लग्नाला गेली होती. दुपारी तिचा फोन आला: चावी सीटवर, दारे बंद. "डावीकडे, हुकाच्या आत," एवढेच मी म्हणालो. चार मिनिटांनी पलीकडून भोंगा ऐकू आला. रिमोटने बंद केलेले दार चावीने उघडले की अलार्म वाजतो, हे मला तालमीत सुचलेच नव्हते, कारण तेव्हा मी दारे रिमोटने लावलीच नव्हती. खरी चावी इग्निशनमध्ये फिरवल्यावर तो थांबला, पण तोवर कार्यालयाचा रखवालदार आणि निम्मे वऱ्हाड गाडीभोवती जमले होते.

ती चावी तिने नीट पुसून, ट्यूबच्या तुकड्यासकट, गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. मला ती तिथे सापडली पुढच्या महिन्यात, विम्याचे कागद शोधताना. म्हणजे तेवढे सगळे दिवस जोडचावी बंद गाडीच्या आत होती. त्याच संध्याकाळी मी विजेरी आणि तारेचा नवा तुकडा घेऊन खाली गेलो.