दुसरा भाग

रविवार, रात्री साडेदहा

सकाळी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात चक्कर मारली. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण बुधवारी ऑफिस, म्हणजे माझ्या वाट्याला रविवारच. पितळी तोट्या, बंद पडलेली घड्याळं आणि कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम यांच्यामध्ये एक जाडजूड वही पडली होती. खाकी पुठ्ठा, पाठीला लाल कापड. उघडली तर आत इंद्रजाल कॉमिक्स. मराठी. आठ अंक एकत्र शिवलेले.

छातीत धडधडायला लागलं, पण चेहरा कोरा ठेवला. हे शिकायला मला बरीच वर्षं आणि बरेच पैसे लागलेत. आधी तोटीचा भाव विचारला, मग घड्याळाचा, आणि मग उगाच, 'ही रद्दी कशी दिली?' त्याने माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि म्हणाला, 'आठशे. रद्दी तिकडे पुढे मिळते.' सहाशेला तुटलं. तोटीही घ्यावी लागली.

रिक्षातूनच मित्राला फोटो पाठवला. तो आमच्यातला खरा संग्राहक. लगेच फोन. 'बाइंडिंग केलेलं घेतलंस? अरे, मग काय उपयोग!' त्याच्या बाजूने बरोबर आहे. बाइंडरने तिन्ही कडा मशीनखाली घालून साफ कापल्यात. एका पानावर वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा, अर्धा कान गेलाय. आठपैकी पाच अंकांची मुखपृष्ठं जागेवर नाहीत. आणि इंद्रजालची मुखपृष्ठं म्हणजे बी. गोविंद. आतली चित्रं अमेरिकेतून यायची, पण बाहेरचं चित्र हा माणूस इथे बसून नव्याने रंगवायचा. लहानपणी आम्ही अंक विकत घ्यायचा की नाही हे त्याच्या जिवावर ठरवायचो. ती पाच पानं कुणीतरी फाडून भिंतीवर लावली असणार. मीही लावली असती.

या छंदात सगळी किंमत 'कोरेपणा'ची. सुपरमॅन पहिल्यांदा ज्या अंकात आला तो 1938 साली 10 सेंटला मिळायचा. 2024 मध्ये त्याची एक प्रत 60 लाख डॉलरला गेली. अशा प्रती कडक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून त्यांना गुण दिलेले असतात, दहापैकी. वाचायची म्हटली तर सील फोडावं लागतं, आणि फोडलं की गुण गेले. लोणच्याची बरणी फडताळात ठेवून नुसती झाकणाला हळदकुंकू वाहण्यातला प्रकार.

आमचा वेताळ सुपरमॅनपेक्षा दोन वर्षांनी थोरला. ली फॉकने त्याला 17 फेब्रुवारी 1936 ला वर्तमानपत्रातल्या पट्टीत आणला. अंगाला चिकटलेला पोशाख, मुखवटा आणि मुखवट्यात बुबुळं नसलेले पांढरे डोळे, हे सगळं तेव्हापासून. अंगात कसलीही अचाट शक्ती नाही, नुसती दहशत आणि बापजाद्यांची गुहा. आपल्याकडचा जांभळा वेताळ स्वीडनमध्ये निळा असतो आणि ब्राझीलमध्ये लाल, हे मला चाळिशीत कळलं. काही दिवस फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं.

इंद्रजाल मार्च 1964 मध्ये टाइम्सच्या बेनेट कोलमन कंपनीने सुरू केलं, पहिला अंक 60 पैशांचा. मूळ कथेतल्या बेंगाल्ला देशाचं इथे डेंकाली झालं आणि सिंग चाच्यांचे सिंगा चाचे. बंगाल नको आणि सिंग आडनावाचे वाचकही दुखवायला नकोत! काळ्या माणसांच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा न्याय करतो, ही गोष्ट आज वाचताना घशाखाली उतरत नाही. तेव्हा उतरली. आम्ही तर टॉवेल बांधून स्वतःच वेताळ व्हायचो, रंगाचा विचार कुणाच्या डोक्यात होता? मोठं झाल्यावर खटकतं हे चांगलंच, पण म्हणून अंक टाकून देववत नाहीत.

संध्याकाळी वही उघडून बसलो. कापूर आणि ओल असा काहीतरी वास. वर्तमानपत्री कागद, त्यामुळे पानं कडेला चहाच्या रंगाची आणि मध्ये जरा फिकी. बोथट चाकूने एक पिन वर करायला गेलो तर ती तुटली आणि गंजाची भुकटी पानावर सांडली. ब्रशने झटकली. एका पानाला सेलोटेप लावलाय, तो वाळून सुटलाय आणि खाली तपकिरी पट्टा उरलाय. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि आठवलं, सातवीत मीही हेच केलं होतं, आणि पट्ट्यांचं टोक दातांनी तोडून. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा पुसट जांभळा शिक्का आहे. भाड्याने फिरून फिरून खिळखिळे झालेले अंक. कुणी शिवून घेतले नसते तर ते कधीच भेळेच्या पुड्यांना गेले असते. माझ्या हाताला इंग्रजी आणि हिंदी अंक लागतात, मराठी क्वचित. कोऱ्या मराठी अंकाची वाट बघायची तर बघा.

शेवटचे तीन अंक बहादूरचे. भगवा कुडता, जीन्स, डाकूचा मुलगा, आणि डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचं दल उभं करणारा. आबिद सुरतींनी 1976 मध्ये त्याला जन्म दिला, चित्रं परत गोविंदांचीच. हेच सुरती पुढे म्हातारपणी दर रविवारी प्लंबरला घेऊन मीरा रोडच्या इमारतींमध्ये दारोदार फिरले, लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करत. मला ही गोष्ट बहादूरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आवडते. सकाळी घेतलेली तोटी कुठे बसवायची हे मात्र अजून कळलेलं नाही.

वहीतला आठवा अंक म्हणजे दोन भागांच्या गोष्टीचा पहिला भाग. माझ्याकडे हा होता. दुसरा भाग यायच्या आत आमची बदली झाली आणि सामान आवरताना आईने सगळा गठ्ठा रद्दीत घातला. त्यावरून मी तिला आजपर्यंत किती वेळा बोललो असेन. वेताळाचं नाव काढलं की ती खोलीबाहेर जाते.

आज जेवण झाल्यावर तिने स्वतःहून वही मागितली. चष्मा लावून, पानं बोटाला थुंकी न लावता (मी ओरडेन म्हणून) सावकाश उलटत बसली. बहादूरशी आली आणि थांबली.

'हा जीपमधला ना? याचा दुसरा भाग वाचलाय मी.'

'कधी?'

'तुमची शाळा असायची दुपारी. रद्दीत काय न वाचता घातलं होतं? हा तर नंतर शेजारच्या वहिनींकडे आला होता, त्यांच्याकडून आणला.' मग चष्म्यावरून बघत म्हणाली, 'सांगू?'

मी नको म्हटलं. ती 'बघ बाई' म्हणाली आणि परत पहिल्या पानापासून सुरू झाली. अजून दिवा चालू आहे तिच्या खोलीत.