बोर्डोच्या ड्रमातला तिसरा धडा

वयाच्या ३६व्या वर्षी मी १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा, भरून दहावीला बसले. मराठी, इतिहास निभावून नेलं. विज्ञान भाग १ मधला तिसरा धडा उघडला, 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे', आणि पुस्तक मिटून भाकऱ्या थापायला बसले.

शिकवायला धाकटे दीर. पहिल्याच दिवशी मी पाण्याच्या समीकरणात माती खाल्ली. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. म्हणून पाण्यातल्या ऑक्सिजनखाली मी बारका २ लिहून टाकला. "वहिनी, हे पाणी राहिलं नाही. जखमेवर फेसाळतं ना, ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं." बारका आकडा पदार्थाचा, त्याला हात लावायचा नाही. आपल्या हातात फक्त पुढचा आकडा. हायड्रोजनचे २ रेणू, ऑक्सिजनचा १, पाण्याचे २. अणू मोजले, दोन्हीकडे जुळले.

अभिक्रियांचे प्रकार मात्र डोक्यात राहीनात. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. सकाळी पाठ, दुपारी सपाट. मग निफाडकडच्या आमच्या द्राक्षबागेत डावणी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, फवारायचं ठरलं.

चुनकळी पाण्यात टाकली. ती दरवर्षीसारखीच खदखदली, वाफा आल्या. भाऊजी म्हणाले, "दोनाचं एक झालं. संयोग. आणि ऊष्मादायी." चुनकळी येते कुठून? भट्टीत भाजलेल्या चुनखडीतून. तिथे एकाचे दोन होतात, ते अपघटन. १०० किलो शुद्ध चुनखडीची ५६ किलो चुनकळी होते, ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे समीकरणात वायूपुढे असतो तो वर जाणारा बाण ४४ किलोंचा! मी त्याला नुसती खूण समजत होते.

मोरचूद, म्हणजे पुस्तकातलं कॉपर सल्फेट, दुसऱ्या प्लास्टिकच्या ड्रमात विरघळवला होता. दोन्ही एकत्र केले, काठीने ढवळलं, आकाशी रंगाचं गढूळ मिश्रण झालं. तांबं आणि कॅल्शियम यांनी जोडीदार बदलले: कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट. दुहेरी विस्थापन.

मग आबांनी नेहमीप्रमाणे विळ्याचं पातं त्यात बुडवलं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघतेय. लोखंड द्रावणात उतरतं, तांबं पात्यावर बसतं, हे विस्थापन. बोर्डो लोखंडी भांड्यात का करत नाहीत, तेही त्याच दिवशी कळलं.

रात्री मी वजनं मांडली. समीकरणाप्रमाणे २५० ग्रॅम मोरचुदाला ५६ ग्रॅम चुनकळी, म्हणजे १ किलोला २२४ ग्रॅम. आम्ही तर १०० लिटर पाण्याला दोन्ही एकेक किलो घेतो! "पाऊण किलो चुना फुकट जातो का?" मी विचारलं. आबा हसले. "पानं करपली की कळेल." मोरचुदाचं द्रावण आम्लधर्मी असतं, त्यातलं थोडंही शिल्लक राहायला नको. शिवाय बाजारची चुनकळी कुठे शुद्ध असते? समीकरण शुद्ध मालाचं, आमचं पोतं दुकानातलं.

मार्चमध्ये पेपरात कॉपर सल्फेटच्या द्रावणात बुडवलेल्या खिळ्याचा प्रश्न आला. घाईत मी 'विळ्यावर तांबूस थर येतो' लिहिलं. मग 'वि' खोडून 'खि' केलं.